पाच षष्ठांश वेगाने

जानेवारीतल्या एका मंगळवारी मी घर सोडलं. आईनं पेजेचं भांडं चुलीवर ठेवलं. अण्णांनी दारात पासपोर्ट मागितला, पाहिला आणि परत दिला. दादानं ट्रंक रिक्षात ठेवली. रेवदंड्याहून आम्ही अलिबागला आलो आणि अलिबागहून एस.टी.नं रेवसला. धक्क्याला लाँच लागली होती. दादा लाँचमध्ये चढला नाही. तो म्हणाला, “गेलास की पहिलं ते ऐक. मग लिही.” लाँच सुटली. भाऊच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा अकरा वाजले होते.

‘ते’ म्हणजे काय, हे आमच्या घरात सांगावं लागत नसे. इथे सांगावं लागेल. ‘ते’ म्हणजे अमेरिकेतल्या काही वाद्यवृंदांचं सत्तरच्या दशकातलं संगीत. प्रोग्रेसिव्ह रॉक हा शब्द मला तिकडे गेल्यावर कळला. तोवर आमच्याकडे त्याला नाव नव्हतं.

माझ्या जाण्याच्या आठनऊ वर्षं आधी आमच्या शेजारचे हरीकाका, जे जहाजावर फिटर होते, अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरावरून एक मोठा कॅसेट सेट घेऊन आले. ट्रंकेएवढा सेट, दोन लाकडी स्पीकर, एक माइक आणि अकरा कॅसेटी. गोदीच्या बाहेर एक मुलगा घरातलं सामान विकत बसला होता. सेट घेतला तर खोकं फुकट, असं तो म्हणाला, म्हणून कॅसेटी आल्या. काकूंना तो आवाज घरात नको होता. काका दादाला म्हणाले, “विनू, घेऊन जा बाबा. नाहीतर ही मला जहाजावरून खाली उतरू द्यायची नाही.” दादा तेव्हा बावीस वर्षांचा होता. कॉलेज अर्धं सोडून तो अण्णांबरोबर नारळ-सुपारीची वाडी बघत होता. त्यानं अलिबागहून एकशेदहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला, सेट पडवीत मांडला आणि पहिली कॅसेट लावली.

त्या अनोळखी मुलाची आवड, हीच मग आमची अमेरिका झाली. पुष्कळ वर्षांनी मला वाटलं, त्या मुलाला दुसरं काही आवडत असतं तर आम्ही दुसरे भाऊ झालो असतो.

त्या वाद्यवृंदांची खरी नावं मी इथे लिहीत नाही, कारण आमच्याकडे ती कधी चालली नाहीत. दादानं त्यांना नावं ठेवली होती. ज्यांच्या कव्हरवर शेत होतं आणि ज्यांच्यात एक माणूस व्हायोलिन वाजवायचा ते ‘गव्हाचे’. ज्यांच्यात कोणी गातच नसे, नुसती वाद्यं एकमेकांच्या अंगावर धावून जात, ते ‘मुके’. ज्यांच्या कव्हरवर एका माणसाची अनेक प्रतिबिंबं होती ते ‘आरशाचे’. आणि ज्यांची एकच कॅसेट खोक्यात होती ते ‘एकुलते’. जगातही त्यांची तेवढी एकच निघाली होती, हे मला नंतर कळलं. दादाच्या जिवाच्या जवळचे ‘एकुलते’ होते. त्यांचं एक गाणं एक पूर्ण बाजू व्यापून होतं. त्याची सुरुवात ऑर्गनच्या एका सुरानं व्हायची आणि तो सूर इतका वेळ थांबायचा, की अण्णा वर्तमानपत्रातून मान वर काढून विचारायचे, “अडकलं का रे?”

सुपारी सोलायला बायका यायच्या तेव्हा सेट चालू असायचा. त्यांतल्या धाकूमावशीला संगीताबद्दल ठाम मतं होती. एकदा आरशाचा गायक एका शब्दावर बराच वेळ राहिला तेव्हा ती म्हणाली, “विनूदादा, ह्यो बाबा गाता गाता निजला काय?” दुसरी म्हणाली, “न्हाय गो, म्हावरा सपला आसंल त्याचा, म्हनून रडतोय.” आईची तक्रार वेगळी होती. ती आतून विचारायची, “कोण गेलंय त्यांचं? रोज काय हे.”

कारण ते संगीत आमच्याकडे फार जड होतं. पुरुषांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे. ढोलाचा एक ठोका पडून दुसरा येईपर्यंत सुपारी सोलून होई. दादा देवळातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. मुक्यांचा एक तुकडा ऐकता ऐकता त्याची बोटं गुडघ्यावर चालायला लागली आणि तो म्हणाला, “सुध्या, हे सातात आहे. हा तर आपला रूपक.” त्यानंतर सुपाऱ्यांच्या ढिगातून सात सुपाऱ्या काढून तो त्या ओळीनं मांडायचा आणि बोट फिरवत मोजायचा. पुढे त्यांचे अकरा मात्रांचे, तेरा मात्रांचे तुकडे त्यानं तसेच उलगडले. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी शेजारी पुस्तक घेऊन बसायचो. पण तो मोजत असताना मी पान उलटत नसे.

एकदा मंडळातल्या बुवांनी भजनाची एक कॅसेट आणली. ती आमच्या सेटवर लावली, तर बुवांचे गुरुजी आजारी माणसासारखे गाऊ लागले. बुवांना राग आला. दादानं कॅसेट काढून उजेडात धरली आणि निदान केलं, “खारी हवा. टेप फुगली.” सगळ्यांना पटलं. आमच्या किनाऱ्यावर बिजागरी गंजली, मीठ ओलं झालं, रेडिओ खरखरला, पेटीचा सूर उतरला, तर दोष खाऱ्या हवेचा असतो. तिच्यापुढे दुसरं कारण शोधायची आमच्यात पद्धत नाही.

तुमच्यापैकी जे इकडे आले त्यांना पहिला हिवाळा आठवत असेल. मी अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकायला आलो होतो. गाव सपाट होतं. समुद्र हजार-बाराशे किलोमीटर लांब. मी अपार्टमेंटमध्ये, डिपार्टमेंटमध्ये, लायब्ररीतल्या कामावर सगळ्यांना गव्हाच्यांबद्दल विचारलं. मला खरोखर वाटत होतं, की इथे घरोघरी हेच लावत असतील. माझ्या वयाच्या मुलांनी नावं ऐकली नव्हती. कॅटलॉगिंगमधल्या एका बाई म्हणाल्या, त्यांचा थोरला भाऊ ऐकायचा तसलं, पण आता कोण ऐकतं? मला फसवल्यासारखं झालं. कोणी, ते सांगता आलं नसतं.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर मी गावातल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात गेलो. दुकानदार काउंटरमागे सँडविच खात होता. मी नावं सांगितली तसा तो खूश झाला. त्यानं पुसून एक रेकॉर्ड लावली. मी उभा राहून ऐकलं आणि म्हणालो, हे नव्हे. तो म्हणाला, हेच. मी पुन्हा ऐकलं. कोणीतरी बारीक, तरण्या आवाजात भराभर गात होतं. सगळं उत्साही होतं, जणू हे लोक नुकते कुठलीतरी मॅच जिंकून आले होते. मग व्हायोलिन आलं. त्याची वळणं मला पाठ होती. गव्हाचेच होते ते. मला पहिल्यांदा आईची आठवण झाली. कोणीच गेलं नव्हतं त्यांचं.

माझ्याबरोबर खोलीत हैदराबादचा श्रीनिवास राहायचा. तो इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगला होता. त्याला सगळं सांगितलं तर तो हसत हसत गादीवर आडवा झाला. मग उठून त्यानं समजावलं. त्या जुन्या सेटची मोटर थेट विजेच्या ठोक्यावर फिरते. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ ठोके देते, आपल्याकडची पन्नास. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, ठोके बदलत नाही. म्हणजे तुमच्या घरी तो सेट पहिल्या दिवसापासून पाच षष्ठांश वेगानं चालतोय. सूरही तेवढे खाली. “तुम्ही लोक आठ वर्षं हे ऐकताय?” तो म्हणाला. “आणि कोणाच्या लक्षात नाही आलं?”

मी त्याच आठवड्यात दादाला पत्र लिहिलं. त्यानंच सांगितलं होतं, ऐक आणि लिही. पण त्यानं सांगितलं म्हणून मी लिहिलं, असं आज म्हणणं खरं होणार नाही. पाठीवर शाबासकी मिळेल अशा थाटात मी लिहिलं. दोन पानं, आकृतीसकट. पाच षष्ठांश या शब्दांखाली रेघ मारली. शेवटी लिहिलं, ‘तेव्हा खाऱ्या हवेचा काही संबंध नाही. तू आजवर जे ऐकलंस ते त्यांचं संगीतच नव्हे.’ या वाक्यावर मी खूश होतो, हेही आठवतं.

मे महिन्यात पार्सल आलं. आत एक कॅसेट, रुमालात गुंडाळलेली. वर दादाच्या अक्षरात ‘सुधीरसाठी’. श्रीनिवासच्या प्लेयरवर लावली. एक मुलगा बोलू लागला. आवाज फुटायच्या आधीचा, घाईचा, एका दमात वाक्यं संपवणारा. “हॅलो, हॅलो, सुध्या.” श्रीनिवासनं विचारलं, तुझा भाऊ शाळेत आहे का? मी हसलो. तोही हसला. दादा बोलत होता आणि आम्ही दोघं हसत होतो. एकदोन मिनिटांनी मी प्लेयर बंद केला आणि म्हणालो, नंतर ऐकतो.

परीक्षा होती. मग उन्हाळ्यात काम मिळालं, खोली बदलली, श्रीनिवास कॅलिफोर्नियाला गेला. माझ्याकडे प्लेयर नव्हता, हे कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस दिलं. खरं कारण असं, की त्या आवाजाची मला लाज वाटली होती, आणि लाज वाटली याची आणखी लाज वाटत होती. मी घरी पत्र टाकलं. त्यात मार्क लिहिले, हवामान लिहिलं, आणि शेवटच्या ओळीत, ‘कॅसेट पोचली. आवाज स्पष्ट आहे.’

तीन वर्षांनी मी पहिल्यांदा घरी आलो. पडवीत सेट होता, पण त्यावर आईनं विणलेलं पांढरं कापड, आणि कापडावर नव्यानं आलेला फोन. मी दादाला विचारलं, ऐकत नाहीस हल्ली? तो नारळ मोजत होता. आकडा चुकू नये म्हणून त्यानं बोट वर केलं, ओळ संपवली, आणि मग हसून म्हणाला, “बिघडला. खारी हवा.” मीही हसलो. मला वाटलं, माझ्या पत्राची तो चेष्टा करतोय. मला वाटलं, आमचं सगळं ठीक आहे.

पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. वहिनी मुरुडच्या बाजूची, शिक्षिका. मी दर दोनतीन वर्षांनी जात राहिलो. आधी अण्णा गेले, मग आई. माझं इथे घर झालं, ड्राइव्हवे झाला, बर्फ काढायचं यंत्र झालं. दादाशी फोनवर दर रविवारी बोलणं व्हायचं. कमी बोलायचा. सुपारीचं काय चाललंय, विहिरीला पाणी किती, मुलीला न्हावा शेव्याला नोकरी लागली, जावयाची बदली झाली. संगीताचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही. एकदा मी म्हटलं, आता सगळं फोनवर मिळतं, मुके सुद्धा मिळतात, पाठवू का? तो म्हणाला, “राहू दे. तिथले तिथे बरे.”

कधी इथल्या ग्रोसरीच्या दुकानात भाज्यांपाशी वर छतातून गव्हाच्यांचं एखादं गाणं लागतं. आता ते म्हाताऱ्यांचं संगीत झालंय, दुकानात लावण्याइतकं निरुपद्रवी. मी हातात कोथिंबीर घेऊन थांबतो. वरून ते त्यांच्या वेगानं चालत असतं आणि त्याच्या खालून दुसरं, आमचं, हळू येत असतं, मागे पडत, आणखी मागे पडत. वरचं गाणं संपतं तेव्हा खालचं अजून चालू असतं. मी ट्रॉली घेऊन पुढे निघतो.

मागच्या वर्षी नवरात्र संपता संपता दादा गेला. दुपारी जेवून पडवीत आडवा झाला आणि उठला नाही. मी पोचलो तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते. जे इकडे आहेत त्यांना हे सांगायला नको. आपण पोचतो तेव्हा अंगण झाडलेलं असतं, खुर्च्या परत गेलेल्या असतात आणि लोक आपल्यालाच पाणी आणून देतात.

दहाव्याच्या आदल्या दिवशी वहिनीबरोबर कपाट आवरत होतो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकराच्या अकरा कॅसेटी निघाल्या. प्रत्येकीत कागदाची पुडी, आत तांदळाचे दाणे, दमट हवा धरू नये म्हणून. मी म्हटलं, सेट बिघडल्यावरही जपून ठेवल्यान दादानं.

वहिनी म्हणाली, “बिघडला कधी?”

“मी आलो होतो तेव्हा म्हणाला ना. तुमच्या लग्नाच्या आधीच.”

“नाही हो, भाऊजी. दर दसऱ्याला पुसून काढायचे. हळदकुंकू लावायचे, पखवाजाला लावायचे तसंच. मग बटण दाबून बघायचे. लाल दिवा लागायचा, चाकं फिरायची. मग बंद. मागच्या वादळात पडवीवर माड पडला तेव्हा भिजला, तो गेला भंगारात. तोवर चालू होता.”

“मग ऐकत का नव्हता?”

“मी विचारलं होतं एकदा. नवीन होते तेव्हा. म्हटलं, लावा की एखादी. तर म्हणाले, आधी त्याचा वेग ठरू दे.” तिनं डब्याचं झाकण लावलं. “मला काही कळलं नाही. पुन्हा नाही विचारलं.”

मी परत आलो. तळघरातल्या खोक्यांत ती कॅसेट शोधायला मला दोन शनिवार लागले. जुन्या नोट्सच्या गठ्ठ्यात होती, त्याच रुमालात. आमच्या लायब्ररीत जुन्या टेपांवरून डिजिटल प्रत करायची खोली आहे आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला तिथे कोणी प्रश्न विचारत नाही. दाराला कडी लावून मी हेडफोन घातले. पुन्हा तो मुलगा आला. आता मी हसलो नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यानं सांगितलेल्या गोष्टी लिहून काढल्या, कारण एकदा ऐकून माझा विश्वास बसला नव्हता.

“हॅलो, हॅलो, सुध्या. लाल दिवा लागलाय, म्हणजे चालू आहे. आई इथेच आहे. बोल म्हटलं तर म्हणते, मी नाही त्या पेटीशी बोलणार. काय? हां. विचारतेय, डोक्याला बांधतोस का थंडीत. आणि तिथे ताक मिळतं का. बरं. तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. अण्णांनाही दाखवलं, ते म्हणाले, गणित बरोबर आहे. असेल. तू लिहितोस, मी ऐकलं ते त्यांचं नव्हे. मग कोणाचं, ते मात्र लिहिलं नाहीस. असो. धाकूमावशीला सांगितलं तर ती म्हणते, मंजे त्यो निजला नव्हता, आपुनच निजलो व्हतो.

“आता असं करू. मी इथे माझ्या नेहमीच्या आवाजात बोलतोय. तू म्हणतोस तसं असेल तर तिकडे माझा आवाज बारीक यायला हवा, आणि मी फार घाईत आहे असं वाटायला हवं. तसं आलं तर तू बरोबर. मग मी पनवेलला सेट नेतो, तिथे एक माणूस मोटर बदलून देतो म्हणतात. आणि आवाज असाच आला तर मी बरोबर. खारी हवा. काय असेल ते कळव. हसू आलं तरी कळव. तोवर मी काही लावत नाही. उगाच चुकीचं ऐकत बसायला नको, आता कळल्यावर. बरं, आता मुक्यांचा तो साताचा तुकडा पखवाजावर वाजवतो. वेग मोजायला तुला बरा पडेल.”

मग पखवाज होता. पंचवीसेक मिनिटं, मध्येमध्ये थांबून, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मागे भांड्यांचा आवाज सुरुवातीपासूनच होता; तीन ठिकाणी आईचा आवाज, एकदा हरीकाकांची हाक. शेवटी तो म्हणाला, “झालं. कळव,” आणि खट्‌ आवाज आला.

म्हणजे त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं. बारीक येतो का, की नाही. मी लिहिलं होतं, आवाज स्पष्ट आहे. हे वाचून त्याला कळलं असणार, की मी ऐकलेलं नाही. आणि त्यानं एकदाही विचारलं नाही. सेटवर कापड टाकलं.

संगणकावर वेग कमी करणं सोपं असतं. मी पाच षष्ठांश आकडा घातला. मुलगा मोठा झाला. जवळजवळ दादा. पण पूर्ण नव्हे. मी पुन्हा पुन्हा लावलं आणि जितकं लावलं तितकी माझी खात्री कमी होत गेली. चौतीस वर्षांपूर्वीचा त्याचा आवाज मला आठवतो असं मी समजत होतो. मला आठवत होता तो रविवारच्या फोनवरचा आवाज.

मी वहिनीला फोन लावला. माझ्याकडे सकाळ होती, तिच्याकडे संध्याकाळ. मी म्हटलं, दादाचा जुना आवाज सापडलाय, तुमच्या लग्नाच्या चार वर्षं आधीचा. ऐकाल का? “लावा,” ती म्हणाली. मी सुरुवातीची दोन वाक्यं लावली.

“हे घाईत आहेत,” ती म्हणाली. “हे असे बोलायचे नाहीत.”

मी म्हटलं, सेट साठ ठोक्यांच्या विजेचा, आपली वीज पन्नासची, त्या गणितानं वेग बरोबर आहे. पाच षष्ठांश.

“कुठे बसून बोलतायत? पडवीत? मागे भांडी वाजतायत, म्हणजे तिन्हीसांज असणार.” ती म्हणाली, “संध्याकाळी आपल्याकडे सगळ्या वाड्यांचे पंप चालू होतात, भाऊजी. तेव्हा वीज आणखी मंदावते. अजून हळू करा.”

मी थोडं कमी केलं. “अजून.” आणखी केलं. “आता जास्त झालं. किंचित वर.” मग ती थांबली. दादा म्हणत होता, मग कोणाचं, ते मात्र लिहिलं नाहीस. “हां,” ती म्हणाली. “हे ते.”

माझं गणित पुरतं बरोबर नव्हतं, हे मला चौतीस वर्षांनी कळलं.

तिला पुढचंही ऐकायचं होतं. मी पखवाजापर्यंत लावलं. नंतर तिनं विचारलं, “कळव म्हणतायत, ते काय?” मी सांगितलं. सगळंच सांगितलं, हसण्यासकट. ती शिक्षिका आहे, मध्ये बोलत नाही. शेवटी म्हणाली, “मग कळवलंत का तुम्ही?”

“नाही, वहिनी.”

फोनमधून शेजारच्या वाडीतला पंप ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “मला वाटायचं, माझ्यामुळे लावत नाहीत. मी काही त्यातली नव्हे, मला आवडणार नाही म्हणून. इतकी वर्षं मी तेच धरून बसले. एकदा म्हणायला हवं होतं, मला आवडेल.”

दादाशी मी जे केलं ते मला माहीत होतं. हिच्याशी काय केलं हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

ती म्हणाली, “त्या गाणाऱ्या लोकांचं पण याच वेगानं करून पाठवाल का? ह्यांचा आवडता कोण होता?” मी म्हटलं, एकुलते. “तेच पाठवा.” मी एकुलत्यांची ती बाजू शोधली, वहिनीनं ठरवलेल्या वेगावर आणली आणि पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, की ऑर्गनचा सूर संपेपर्यंत तिला वाटलं, फोन अडकला.

घर कुठे, असं मला इकडे लोक विचारतात तेव्हा मी रेवदंडा सांगतो, आणि ते नकाशात बघतात. आई नाही, अण्णा नाहीत, दादा नाही. पडवी वादळानंतर नवी बांधली, तिच्यावर पत्रा आहे. वाडीत वहिनी एकटी राहते. आम्ही दर रविवारी बोलतो. सेट नाही. अकरा कॅसेटी तिच्याकडे आहेत आणि बारावी माझ्याकडे. तिच्यावर अर्ध्या तासाचं बोलणं आणि पखवाज आहे.